बोअरची बदली

आमच्या गावात इंग्रजी येणारा मी एकटाच होतो, आणि ते मला येत नव्हतं.

यातला पहिला भाग साऱ्या गावाला माहीत होता. दुसरा फक्त मला.

उस्मानाबादच्या (आता धाराशिव म्हणायचं) कॉलेजातून मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो, आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, गवंडीकाम करायचे. त्यांनी माझ्या निकालाच्या कागदाला काच लावून घेतली आणि तो दारासमोरच्या भिंतीवर असा टांगला की पाणी मागायला आलेल्या माणसालाही आधी तो वाचावा लागे. वाचता येत नसेल तर अण्णा वाचून दाखवत. त्यांनाही वाचता येत नव्हतं, पण तो कागद त्यांना पाठ होता.

खरं सांगायचं तर इंग्रजी ही आमच्या कॉलेजात लिहायची भाषा होती. सर ती मराठीतून शिकवायचे, आम्ही गाइडमधून पाठ करायचो आणि परीक्षेत उतरवून यायचो. सुट्टीचा अर्ज, बदलीचा अर्ज, मित्राला अभिनंदनाचं पत्र आणि नदीचं आत्मवृत्त एवढं मला स्वल्पविरामासकट येत होतं. तीन वर्षांत तोंडानं काढलेलं इंग्रजी म्हणाल तर 'यस सर', तेही हजेरीच्या वेळी.

बहात्तरच्या दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आमचं गाव लोहाऱ्याच्या बाजूला, माळावरचं. गावातल्या विहिरींचे तळ इतके कोरडे पडले होते की वरून वाकून बघितलं तर आत पडलेली जुनी भांडी मोजता येत. पाणी उरलं होतं ते एकाच विहिरीला, ओढ्यापलीकडं नानांच्या मळ्यात. नाना म्हणजे आमचे सरपंच, आणि सोसायटीचे चेअरमनही तेच. माणूस वाईट नव्हता. विहीर त्यांनी सगळ्यांना मोकळी ठेवली होती. फक्त मोकळी ठेवण्याची एक रीत होती. गावातल्या बाया पोहरा सोडून पाणी शेंदत, आणि आमच्या वस्तीतल्या बाया घागरी मांडून बाजूला थांबत. शेंदणारीला सवड झाली, की तिनं वरून ओतायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यामुळं खोडताही येत नव्हतं.

माझी आई, सोनाबाई, दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि त्याच्या आगंमागं चार खेपा त्या विहिरीच्या करायची. मी घरात बसून नोकरीची वाट बघत होतो. घागर मी उचलायची नाही, असं अण्णांनी सांगून ठेवलं होतं. ग्रॅज्युएट माणसानं घागर उचलली तर त्या काचेतल्या कागदाचा अपमान होतो, असं त्यांचं मत. मी ते फारसं खोडून काढलं नाही.

अशात एका सकाळी सरपंच नाना स्वतः आमच्या दारात आले. ते वस्तीत यायचे ते निवडणुकीच्या वेळी, तेही चावडीपर्यंतच. अण्णांची नुसती धांदल उडाली. शेजारून खुर्ची आणली, ती पुसली, तिचा एक पाय आखूड निघाला म्हणून खाली खापराचा तुकडा सारला.

नानांनी आणलेली बातमी मोठी होती. परदेशातली कुठलीशी मदत करणारी संस्था गावोगाव बोअर पाडत फिरत होती. आधी त्यांचा गोरा साहेब यायचा, जागा बघायचा, तांबड्या रंगाची खूण करायचा. दुसऱ्या दिवशी मशीन यायचं आणि खूण असेल तिथंच भोक पाडून पुढच्या गावाला जायचं. एका गावाला एक बोअर. आज आमचा नंबर होता. पण साहेबाचा दुभाषा लोहाऱ्यात तापानं पडला होता.

"मधू, तुझ्यासारखा माणूस गावात असताना आपल्याला कशाची काळजी," नाना म्हणाले.

अण्णांनी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. मीही बघितलं. नंतर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी मान डोलावली.

जाताना नानांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की बोअर सोसायटीच्या गोदामासमोर पडला तर साऱ्या गावाच्या सोयीचा होईल. (गोदामाच्या पलीकडं नानांचीच बाग होती, हे ते बोलायचे विसरले.) नाना गेल्यावर अण्णांनी मला आत घेऊन समजावलं, की बोअर वस्तीच्या वेशीत पडला तर तोच खरा साऱ्या गावाच्या सोयीचा. आई हातोडी आणि भाकरीचं फडकं घेऊन कामावर निघाली होती. तिनं एवढंच विचारलं, की तो माणूस लांबून आलाय तर जेवतो काय.

दहाच्या सुमाराला सोसायटीच्या ऑफिसापुढं जीप थांबली. साहेबाचं नाव हॉल. गावानं त्याचं लगेच 'हालसाहेब' केलं. गावाचे हाल बघायला आलेला माणूस, नाव आणखी कुठलं असणार? सहा फुटांच्या वर उंच, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला, आणि आवाज असा की दाराआडून कुणी पुटपुटतंय असं वाटावं. गाडी चालवायला उस्मानाबादचे ख्वाजाभाई. हुशार माणूस. त्यांनी साहेबाला दोन नमस्कार शिकवून ठेवले होते, गावात 'राम राम' म्हणायचं आणि वस्तीत 'जय भीम'. साहेबाचे दोन्ही पाठ होते. फक्त कुठला कुठं म्हणायचा, ते तो विसरायचा.

नाना हार घेऊन पुढं झाले. साहेबानं दोन्ही हात जोडले आणि, पाठ केलेलं म्हणून तेवढं खणखणीत आवाजात, त्यांना जय भीम घातला.

नानांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. पाहुण्याच्या नमस्काराला उत्तर नाही दिलं तर गावाचा आब जातो, दिलं तर त्यांचा. "जय... व्हय व्हय, बसा, बसा," म्हणत त्यांनी हार घातला. मागं उभ्या असलेल्या अण्णांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मग सगळे माझ्याकडं वळले. मी साहेबापुढं गेलो, घसा साफ केला आणि आयुष्यातलं पहिलं तोंडी इंग्रजी वाक्य उच्चारलं. ते होतं, 'आय बेग टु स्टेट'. सुट्टीच्या अर्जाची सुरुवात. पुढं मला अंगात ताप असल्यामुळं वर्गात हजर राहता येणार नाही, असं येत होतं. ते मी प्रसंग बघून गाळलं.

साहेब हसला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. त्यातला मला 'वॉटर' तेवढा कळला. तो तर नानांनाही कळला. तरी नानांनी विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं, साहेब म्हणतोय गाव चांगलं आहे. नानांनी खूश होऊन सोसायटीची स्थापना, गोदामाचं बांधकाम आणि गोदामासमोरच्या जागेचं महत्त्व यावर चांगलं मोठं भाषण केलं. ते संपल्यावर मी साहेबाला सांगितलं, "ही इज हॅपी." साहेबानं तेही वहीत लिहून घेतलं.

इथपर्यंत माझं बरं चाललं होतं. आता साहेबानं वही बंद केली आणि मला एक सरळ प्रश्न विचारला. आज मला तो स्वच्छ ठाऊक आहे. 'व्हेअर डू द विमेन वॉक?' बाया पाण्यासाठी कुठून कुठं चालत जातात, एवढंच त्याला बघायचं होतं. जिथं बायांची सगळ्यात जास्त पायपीट, तिथं बोअर, अशी त्याची साधी पद्धत. पण त्या पुटपुटण्यात मला ऐकू आलं 'वर्क'. बाया काम कुठं करतात.

मी अर्थ सांगितला. नानांनाही जरा नवल वाटलं, पण परदेशी माणसाला काय बघावंसं वाटेल याचा नेम नाही म्हणून आम्ही सगळे जीपमध्ये कोंबून बसलो आणि दीड कोसावरच्या खडी केंद्रावर गेलो.

हे खडी केंद्र डोंगराच्या पायथ्याला होतं. आसपास ना झाड, ना घर, ना चिटपाखरू. रणरणत्या उन्हात शंभरेक बाया ओळीनं बसून दगड फोडत होत्या. साहेबाचा चेहरा पडला. तो म्हणाला, रोज? मी बायांना विचारलं, रोज का? त्या म्हणाल्या, रोज. साहेबानं विचारलं, इतक्या लांब? बाया म्हणाल्या, लांब तर लांब, पोटासाठी यावंच लागतंय. आईही त्यात होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती जवळ आली आणि साहेबाला काय पाहिजे, असं मला विचारू लागली.

"तुला न्हाय कळायचं," मी तिला म्हणालो.

साहेब इकडं तिकडं फिरून विहीर शोधत होता. ती नव्हतीच. आटून बुजली असणार, असं त्यानं धरलं असावं. मग त्यानं हातोडीनं दगड ठोकले, माती चिमटीत घेऊन बघितली, नकाशा काढला आणि एका मोठ्या धोंड्यावर तांबड्या रंगानं भली मोठी फुली मारली.

नानांनी मला हळूच विचारलं, हे काय. मी म्हणालो, माप घेत्याती.

माप कसलं ते सोसायटीच्या ऑफिसात परत आल्यावर कळलं. साहेब जेवून शाळेच्या खोलीत आडवा झाला होता. ख्वाजाभाई चहा पिता पिता सहज बोलून गेले, की मशीन उद्या सकाळी येतंय, रस्ता खराब है, उस डोंगर तक कैसा चढेगा अल्ला जाने.

पुढचा अर्धा तास मला आठवायला आवडत नाही. गावाचं म्हणणं पडलं, की वस्तीनं मला फितवून बोअर गावाबाहेर घालवला. वस्तीचं म्हणणं पडलं, की नानांनी मला चहा पाजून बोअर वस्तीतून घालवला. खडी केंद्र महिन्या-दोन महिन्यांत उठणार, मग त्या डोंगराखाली पाणी प्यायला कोल्हेसुद्धा येणार नव्हते. गाव आणि वस्ती यांचं त्याआधी कशावर एकमत झाल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी माझ्यावर झालं.

अण्णा भिंतीला टेकून बसून राहिले. ते मला जास्त लागलं.

"बोलून बिघडलंय न्हवं, मग लिहून दुरुस्त कर," नाना शेवटी म्हणाले. "लिहायला तरी येतंय का न्हाय?"

लिहायला मला येत होतं. बोअर एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा, म्हणजे ही बदलीच झाली, आणि बदलीचा अर्ज तर मला झोपेतही आला असता. मी सोसायटीचा कोरा कागद घेतला आणि झोकदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहून काढला. नाव, गाव, विषय. घाईत एकच झालं. गाइडमधल्या अर्जात बदलीचं कारण म्हणून आईचं आजारपण होतं, ते हाताला सवय असल्यानं तसंच उतरलं. एकूण अर्जाचा आशय असा झाला, की माझी आई फार दिवसांपासून गंभीर आजारी असून तिची देखभाल करणारं दुसरं कोणी नाही, तरी कृपावंत होऊन सदर बोअरची बदली माझ्या मूळ गावी करावी.

साहेबानं अर्ज दोनदा वाचला. बोअरचं त्याला काही कळलं नसावं, पण आईचं कळलं. तो ताडकन उठला, औषधांची पेटी काढली आणि मला पुढं घालून लांब ढांगा टाकत वस्तीकडं निघाला. त्याच्यामागं नाना, नानांच्या मागं अण्णा आणि अण्णांच्या मागं जेवढं गाव मोकळं होतं तेवढं.

ऊन उतरायला लागलं होतं. आई नुकतीच कामावरून आली होती आणि कमरेवर घागर घेऊन शेवटच्या खेपेला निघत होती. साहेबानं तिला दारातच थांबवलं आणि तिचं मनगट धरून घड्याळाकडं बघत उभा राहिला.

आई गोंधळली, पण क्षणभरच. या लोकांत नमस्कार असाच करत असतील, असं तिनं धरलं. तिनंही घागर खाली ठेवून रीतसर साहेबाचं मनगट धरलं. दोघं एकमेकांची नाडी धरून आमच्या दारात उभे, आणि मागं सगळं गाव.

"मधू, काय म्हणतोय ह्यो?" तिनं विचारलं.

तुझ्या आजाराची चौकशी करतोय, असं मी चाचरत सांगितलं. आजारी कोण, असं तिनं विचारलं. मला सगळी हकीकत सांगावी लागली, फुलीपासून अर्जापर्यंत, साऱ्या गावासमोर. आई शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बरं. आता तू जरा गप ऱ्हा. मला पाण्याला उशीर हुतोय."

तिनं घागर उचलली. साहेबानं ती काढून घेतली. आजारी बाईनं ओझं उचलायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलेलं. तिनं हात पुढं केला, त्यानं मान हलवली. असं दोन-तीनदा झालं. शेवटी आई म्हणाली, "घे बाबा, घे तूच," आणि हातानं 'चल' अशी खूण करून चालायला लागली.

ती वाट मी लहानपणापासून ओळखत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मोजली. आधी बाभळीचं रान, मग ओढ्याची उतरण, मग कोरड्या ओढ्यातली गुडघाभर रेती, मग पलीकडची चढण. साहेबाची टोपी बाभळीला अडकली. ओढ्यात त्याच्या बुटात रेती गेली. आई अनवाणी पुढं, मागं घागर पोटाशी धरलेला साहेब, आणि मागं सगळी वरात. वाटेत वस्तीतल्या आणखी बाया घागरी घेऊन सामील होत गेल्या. कुणी विचारलं तर आई सांगत होती, की साहेबाला पाणी भरायची हौस आलीया.

विहिरीवर नेहमीसारखं चाललं होतं. गावातल्या बाया शेंदत होत्या. आमच्या बाया आपल्या जागेवर जाऊन घागरी मांडून बसल्या, आईही बसली. साहेबाला काय माहीत कुठं बसायचं? तो सरळ विहिरीच्या काठावर गेला, एका बाईच्या हातून पोहरा मागून घेतला आणि आईची घागर शेजारी ठेवून पाणी शेंदायला लागला.

एकदम सगळं थांबलं. आमच्या वस्तीची घागर त्या काठावर त्याआधी कधी टेकली नव्हती. साहेबानं ती भरली, आईपुढं नेऊन ठेवली आणि दुसरी उचलली.

नाना माझ्या कानाशी आले. "मधू, त्याला सांग की बाबा हितं आपलं... हे हाय. रीत हाय हितं."

रीत या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक होतं. परीक्षेला आला होता, आणि मी बरोबर लिहिला होता. साहेब समोरच होता. मी तोंड उघडलं. पलीकडं आई मांडी घालून बसलेली, तिच्यासमोर काठोकाठ भरलेली घागर. तिनं अजून तिला हात लावला नव्हता. ती माझ्याकडं बघत होती.

"नाना," मी म्हणालो, "ह्यो शब्द इंग्रजीत न्हाय."

नानांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं. ते काहीतरी बोलणारही होते. तेवढ्यात मळ्यातल्या झोपडीच्या सावलीत बसलेली त्यांची म्हातारी आई ओरडली. तिला दिसायचं कमी, पण साहेबाला लागलेला दम तिला ऐकू येत होता.

"आरं, पावना पानी शेंदतोय आन् तू कंबरंवर हात ठिवून हुबा? लाज हाय का न्हाय?"

रीत एका बाजूला आणि पाहुणा एका बाजूला. आमच्या भागात पाहुण्याला कष्ट पडू देणं हे सगळ्या रीतींच्या वरचं पाप. नानांनी टोपी सारखी केली, पुढं झाले आणि साहेबाच्या हातातून पोहरा घेतला. साहेबाला वाटलं, मदतीला आले. तो आनंदानं बाजूला झाला आणि एकेक घागर उचलून त्यांच्यापुढं ठेवायला लागला. अशा रीतीनं त्या संध्याकाळी आमच्या सरपंचांनी आमच्या वस्तीच्या झाडून सगळ्या घागरी भरल्या. शेवटची भरून झाल्यावर साहेबानं त्यांचा हात हातात घेऊन दहा वेळा हलवला. मी अर्थ सांगायला पुढं झालो, तर नाना म्हणाले, राहू दे.

परतीच्या वाटेवर साहेबानं भरलेली घागर खांद्यावर घेतली. ओढ्यापर्यंत येईतो निम्मी त्याच्या शर्टात गेली. चढणीवर तो थांबला, धापा टाकत त्यानं आईला वाट दाखवली, मग आपले पाय दाखवले, मग आकाशात सूर्य उगवतो तिथून मावळतो तिथपर्यंत बोट फिरवलं. आईनं चार बोटं वर केली.

साहेबानं ती चार बोटं मोजली. मग आपल्या पायांकडं बघून म्हणाला, "वॉक." आणि माझ्याकडं वळून, अजिबात न रागावता, पुन्हा एकदा सावकाश म्हणाला, "वॉक."

मला ओढ्यातली रेती बघण्यासारखी वाटली. मी ती बघत राहिलो.

अंधार पडायच्या आत साहेबानं आईला घेऊन गाव आणि वस्ती यांच्यामधला सगळा पट्टा पालथा घातला. तो हातोडीनं ठोकून बघायचा, तिच्याकडं बघायचा. ती मान हलवायची. नाना गोदामाकडं बोट दाखवत होते, अण्णा वस्तीच्या वेशीकडं. दोघांकडंही कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी दोन्हीकडून सारख्याच अंतरावर, शाळेच्या रस्त्याला, आईनं टाच रोवली आणि म्हणाली, "हितं." साहेबानं दगड ठोकून बघितला, माती चिमटीत घेतली आणि फुली मारली. तिनं तीच जागा का सांगितली, ते मी नंतर विचारलं. ती म्हणाली, तिथं सावली पडती.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. दुपारपर्यंत नुसता पांढरा धुरळा उडत होता, आणि प्रत्येक तासाला माझ्याकडं बघणाऱ्यांची संख्या वाढत होती. मी शाळेच्या मागं जाऊन उभा राहिलो. मग एकदम गलका झाला, धुरळ्याचा चिखल झाला आणि चिखलाचं पाणी झालं. अण्णा मला शोधत आले, मिठी मारली, आणि त्यांच्या अंगावरचा सगळा चिखल माझ्या पांढऱ्या शर्टाला लागला. कॉलेजचा शर्ट तो. नंतर तो कधी पांढरा झाला नाही.

त्यावर हापसा बसला. पहिले आठ दिवस गावातल्या बाया सकाळी यायच्या आणि आमच्या दुपारी. पण हापसा एकटीला भागत नाही, एकीनं दांडा मारायचा, दुसरीनं घागर धरायची. दांडा मारायला दुसरी कोण आहे हे बघायला उन्हाळ्यात कुणाला दम निघतो? सगळं एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. नानांच्या घरच्या बाया पहिलं वर्षभर आपली घागर घासून घ्यायच्या. पुढं पुढं तेही कंटाळवाणं झालं असावं.

महिनाभरानं एका सकाळी ती जीप पुन्हा आली, आणि या वेळी सरळ आमच्या दारापुढं थांबली. मी खिडकीतून बघितलं, झटकन पँट चढवली, भांग पाडला, गाइड काखेत मारलं आणि बाहेर येऊन पुढच्या सीटचं दार उघडलं. ख्वाजाभाई खाली उतरले आणि संकोचानं म्हणाले, "आप नक्को जी. साब अम्मा कू बुलाए. जळकोट के उधर जाना है."

आई भाकरीला बसणार होती. तिनं हात धुतले, ठेवणीतलं लुगडं नेसली, मी उघडलेल्या दारातून आत जाऊन पुढच्या सीटवर बसली आणि जाता जाता मला म्हणाली, की पीठ परातीत काढून ठेवलंय.

त्या वर्षी रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी यायची, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी आईच्या हातानंसुद्धा कशीबशी वळायची. मी दीड तास खटपट करून तीन केल्या. एक तव्यालाच राहिली. कामावरून आल्यावर अण्णा जेवायला बसले. त्यांनी भाकरी मोडायला घेतली, ती मोडेना. पाण्यात भिजवली, तरी मोडेना. मग त्यांनी ताट हलकेच बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाबद्दल मनापासून बोलले.

"मधू, उद्या जीपमदी तूच जा. त्या गावाचा बोअर कुठं पडायचा तिकडं पडू दे. पर तुझ्या आईला घरी ऱ्हाऊ दे."